३४८ मीटरचा कायदा, २७ शब्दांचा कायदा

लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीला व्हिक्टोरिया टॉवर नावाचा चौकोनी मनोरा आहे. उंची सुमारे ९८ मीटर. १८३४ साली जुनं पार्लमेंट आगीत जळालं आणि कॉमन्स सभागृहाचं शतकानुशतकांचं दप्तर खाक झालं. कायद्यांच्या अस्सल प्रती मात्र वाचल्या, कारण त्या रस्त्यापलीकडच्या ज्युवेल टॉवर या दगडी बुरुजात ठेवलेल्या होत्या. नवी इमारत उभी राहिली तेव्हा हा उंच मनोरा खास दप्तरासाठी बांधला गेला. १४९७ पासूनचे सुमारे ६४ हजार कायदे तिथे जमा झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायदा चर्मपत्रावर हातानं लिहायचे, एका कातड्याला दुसरं जोडत जायचे आणि गुंडाळी करून रचून ठेवायचे.

यातली सगळ्यांत लांब गुंडाळी १८२१ सालची आहे. जमिनीवरच्या कराची व्यवस्था पाहणाऱ्या कमिशनरांच्या नेमणुकीचा हा कायदा. त्यात नावांमागून नावं आहेत. उलगडली तर ती ३४८ मीटर भरते. म्हणजे ज्या मनोऱ्यात ती ठेवली, त्या मनोऱ्याच्या उंचीच्या साडेतीनपट. परत गुंडाळायला दोन माणसांना अख्खा दिवस लागतो.

आता दुसरं टोक पाहा. २१ नोव्हेंबर १९१८ रोजी त्याच पार्लमेंटनं एक कायदा केला. त्याचा मूळ आदेश मोजून २७ इंग्रजी शब्दांचा आहे. स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून कोणालाही कॉमन्स सभागृहात निवडून यायला, बसायला किंवा मत द्यायला अपात्र ठरवता येणार नाही, एवढंच तो सांगतो. शतकानुशतकं निम्म्याहून जास्त देशाला बंद असलेलं दार या एका वाक्यानं उघडलं. तीन आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत १७ स्त्रिया उभ्या राहिल्या. एकच निवडून आली, आयर्लंडची कॉन्स्टन्स मार्कीव्हिच. त्या वेळी ती लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होती आणि आयरिश स्वातंत्र्याची बाजू घेऊन तिनं ती जागा कधीच स्वीकारली नाही. त्या वर्षी स्त्रियांना मताचा अधिकार तिसाव्या वर्षापासून होता, उमेदवारीचा मात्र एकविसाव्या वर्षापासून. म्हणजे पंचवीस वर्षांची बाई खासदार होऊ शकत होती, पण स्वतःलाच मत देऊ शकत नव्हती. तो भेद जायला १९२८ उजाडलं.

ब्रिटनला एका पुस्तकात बांधलेली राज्यघटना नाही. तिथली घटना म्हणजे असे हजारो कागद, निकाल, प्रथा आणि मतमोजण्या. त्यांचे आकडे वाचताना डोकं गरगरतं, कारण लांबी आणि वजन यांचा तिथे मेळच बसत नाही. कायदा मोजायचा तर त्याच्या एकेका शब्दामागे किती माणसं उभी आहेत हे मोजावं, असं मला वाटतं.

मॅग्ना कार्टा घ्या. १५ जून १२१५ रोजी थेम्सकाठच्या रनीमीडच्या कुरणात जॉन राजानं त्यावर शिक्का उठवला. एका मेंढीच्या कातड्यावर दाटीनं बसवलेले सुमारे साडेतीन हजार लॅटिन शब्द. पुढच्या अभ्यासकांनी त्यांची ६३ कलमं पाडली. २४ ऑगस्टला पोपनं ती सनद रद्दबातल ठरवली. म्हणजे पहिल्या मॅग्ना कार्टाचं आयुष्य ७० दिवसांचं. पुढच्या राजांनी ती दुरुस्त करून पुन्हा पुन्हा काढली, आणि त्यातली तीन-चार कलमं अजून इंग्लंडच्या कायद्यात जिवंत आहेत. त्यांपैकी एक सांगतं की स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कैदेत टाकता येणार नाही. त्या काळी इंग्लंडचा फार मोठा भाग जमीनदाराला बांधलेल्या कुळांचा होता आणि ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत ती कुळं बसत नव्हती. शब्द तेच राहिले, त्यांत बसणारी माणसं मात्र पुढच्या सातशे वर्षांत वाढत गेली.

त्या कागदाच्या किमतीचंही असंच आहे. २००७ साली १२९७ ची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात २ कोटी १३ लाख डॉलरांना गेली. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयानं १९४६ साली एक प्रत, नक्कल समजून, साडेसत्तावीस डॉलरांना घेतली होती. २०२५ मध्ये दोन ब्रिटिश प्राध्यापकांनी ती १३०० सालची अस्सल सनद असल्याचं दाखवून दिलं.

पण आकड्यांनी माणूस खरोखर हादरतो तो १६४९ च्या जानेवारीत. राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला चालवायला कॉमन्सनं १३५ कमिशनर नेमले. कॉमन्स तरी कुठलं? डिसेंबरमध्येच सैन्यानं दारावर पहारा बसवून नको असलेले खासदार गाळून टाकले होते, आणि लॉर्ड्सनी, म्हणजे वरच्या सभागृहानं, या खटल्याला साफ नकार दिला होता. २० जानेवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हजेरी घेतली तेव्हा १३५ पैकी निम्मे, ६८ च्या आसपास, हजर होते. अध्यक्ष जॉन ब्रॅडशॉ हल्ल्याच्या धास्तीनं आतून पोलादी पत्रा बसवलेली टोपी घालून बसला होता. ती टोपी आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. राजानं आपली टोपी काढली नाही. कोणत्या अधिकारानं मला इथे आणलंत, एवढा एकच प्रश्न तो विचारत राहिला.

त्याच्या मृत्यूचा हुकूम एका चर्मपत्रावर आहे. खाली सात उभ्या रांगांत ५९ सह्या आणि प्रत्येक सहीपुढे लाखेचा शिक्का. पहिली सही ब्रॅडशॉची, तिसरी ऑलिव्हर क्रॉमवेलची. मजकुरात काही ठिकाणी अक्षरं खरवडून पुन्हा लिहिल्याच्या खुणा दिसतात, इतकी घाई आणि इतकी चलबिचल होती. पन्नास लाखांहून जास्त वस्तीच्या देशात ५९ माणसांनी सही केली आणि ३० जानेवारीला राजाचं मस्तक उडालं. अकरा वर्षांनी राजेशाही परत आली. तेव्हा क्रॉमवेल आणि ब्रॅडशॉ मरून गेले होते, तर त्यांची प्रेतं थडग्यातून उकरून १६६१ च्या ३० जानेवारीला फासावर टांगली. सूड पूर्ण झाला, पण जो धडा बसायचा तो बसला होता. १७०८ मध्ये ॲन राणीनं स्कॉटलंडच्या एका विधेयकाला संमती नाकारली, त्यानंतर आजवर तिथल्या एकाही राजानं किंवा राणीनं दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक अडवलेलं नाही. तीनशेहून जास्त वर्षांत शून्य.

५९ हा आकडा तरी मोठा म्हणावा, कारण १६७० साली बारा जणांनी काम भागवलं. लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर बेकायदा जमाव जमवून प्रवचन केल्याचा आरोप होता. ओल्ड बेलीच्या कोर्टात बारा ज्युरर बसले. त्यांनी सांगितलं की पेन रस्त्यावर बोलला हे खरं, पण यात आम्हाला गुन्हा दिसत नाही. न्यायपीठ भडकलं. हवा तो निकाल देईपर्यंत कोंडून ठेवतो म्हणाले आणि दोन रात्री ज्युरीला डांबलं. अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, तंबाखू नाही, लघवीला भांडंसुद्धा नाही. बाहेर काढून विचारलं तर उत्तर ठाम: निर्दोष. शेवटी प्रत्येकाला ४० मार्क दंड झाला, म्हणजे साडेसव्वीस पौंडांच्या वर, आणि भरेपर्यंत तुरुंग. चौघांनी दंड भरायला नकार दिला. त्यांचा म्होरक्या एडवर्ड बुशेल तुरुंगातूनच वरच्या कोर्टात गेला आणि सरन्यायाधीश व्हॉन यांनी निकाल दिला की ज्युरीला तिच्या मतासाठी शिक्षा करता येणार नाही. त्या बाराजणांच्या नावे ओल्ड बेलीत आज संगमरवरी पाटी आहे. माझ्या मते संपूर्ण इंग्लिश कायद्यात एवढ्या थोड्या माणसांनी एवढं मोठं काम दुसऱ्यांदा केलेलं नाही.

इंग्लंडात तेव्हा, आणि थेट १९६७ पर्यंत, फौजदारी खटल्यात बाराही ज्युररांचं एकमत लागत असे. एक माणूस अडून बसला की दोषी ठरवता येत नव्हतं. हा नियम हिंदुस्थानात आला नाही. जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ज्युरी नऊ जणांची होती, सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा आला. शिक्षा सहा वर्षं, मंडाले. लंडनमध्ये एक नकार पुरला असता; मुंबईत दोन पुरले नाहीत.

बुशेलनं वापरलेल्या हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे कैद्याला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या, अर्जाला १६७९ च्या कायद्यानं पक्की धार आली. त्या कायद्याची मतमोजणी मात्र अजून कोड्यात टाकते. लॉर्ड्सच्या नोंदीत बाजूनं ५७ आणि विरुद्ध ५५ मतं आहेत, बेरीज ११२. त्याच दिवसाची हजेरी १०७. बिशप बर्नेट यांनी लिहून ठेवलंय की मोजणाऱ्यानं एका लठ्ठ लॉर्डला गमतीनं दहा धरलं आणि समोरच्या मोजणाऱ्याच्या ते लक्षातच आलं नाही. ही कथा खरी असो वा नसो, नोंदीतला पाचांचा फरक तिथे आहे. बेकायदा कैदेविरुद्धचं जगातलं एक मोठं संरक्षण दोन मतांच्या फरकानं उभं आहे.

मोठ्या आकड्यांचा फोलपणा पाहायचा तर अठराव्या शतकातल्या फाशीच्या कायद्यांकडे वळावं. १६८८ च्या सुमारास देहदंडाचे गुन्हे पन्नासेक होते. १८१५ पर्यंत ते दोनशेच्या वर गेले. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तरी फाशी. मग ज्युरी काय करत? शपथेवर मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवत. चोरी त्याहून कितीतरी मोठी असली तरी ३९. एका शिलिंगाच्या या खोट्यानं असंख्य माणसं जगली. १७७० ते १८३० या साठ वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ३५ हजार जणांना फाशीची शिक्षा झाली आणि सुमारे ७ हजारांना प्रत्यक्ष फाशी दिली गेली. उरलेल्या चार-पंचमांश लोकांना हद्दपारी, कैद किंवा माफी मिळाली. सात हजार हा आकडा लहान नाही, त्यात पोरंसोरं आणि भुकेली माणसं होती. पण दोनशे कलमांचा धाक लोकांनी मनातून मोडीत काढला होता हेही त्याच आकड्यांत दिसतं.

आकडे कसे फोल ठरतात याचं आणखी एक उदाहरण म्हणून वॉरन हेस्टिंग्जचा खटला थोडक्यात सांगतो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात कंपनीचा गव्हर्नर जनरल असलेला हा माणूस १७८८ च्या फेब्रुवारीत लॉर्ड्सपुढे उभा राहिला. एडमंड बर्क याचं आरोपाचं पहिलं भाषण चार दिवस चाललं, शेवटचं नऊ दिवस. निकाल १७९५ च्या एप्रिलमध्ये लागला. सुरुवातीला दीडशेहून जास्त लॉर्ड मिरवणुकीनं आले होते. निकालाच्या दिवशी मत द्यायला २९ उरले. सात वर्षांनंतर हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. ज्यांच्यावरच्या जुलमाचे हे आरोप होते, त्या काशीच्या चेतसिंगाला किंवा अवधच्या बेगमांना त्यातून काहीच मिळालं नाही.

गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्यातला आकडा मला सगळ्यांत जास्त छळतो. सुमारे ८ लाख माणसं मोकळी होणार होती, आणि त्यासाठी पार्लमेंटनं २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. तेव्हाच्या सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. ही भरपाई गुलामांना नव्हती, मालकांना होती. माणशी सरासरी २५ पौंड मालकाला, शून्य पौंड त्या माणसाला. वर त्यालाच ‘उमेदवारी’ या नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे फुकट राबायचं. सरकारनं यासाठी कर्ज काढलं आणि त्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ साली मिटला. म्हणजे २०१५ पर्यंत लंडनमध्ये नोकरी करून कर भरणाऱ्या प्रत्येकाचा, तिथल्या मराठी माणसांचाही, पैसा गुलामांच्या मालकांना दिलेल्या भरपाईत गेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता; हिंदुस्थानसाठी वेगळा कायदा व्हायला १८४३ उजाडलं.

मतदानाच्या हक्काचा मोठा बदल तर एका मतावर तोलला गेला. १८३१ साली ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकडीवरून दोन खासदार निवडून जात, मतदार होते ११ आणि त्यांतला एकही तिथे राहत नव्हता. लाखाहून जास्त वस्तीच्या मँचेस्टरला एकही खासदार नव्हता. २२ मार्चच्या रात्री सुधारणा विधेयकाचं दुसरं वाचन मताला टाकलं. विरोधक बाहेर लॉबीत गेले, आत उरलेले मोजले तर ३०२ भरले. बाहेरच्यांचा आकडा येईपर्यंत कोणाला श्वास घेता येईना. तो आला ३०१. थॉमस मेकॉले त्या वेळी आत बसला होता आणि त्यानं मित्राला पत्रातून त्या रात्रीचं वर्णन कळवलं. पुढे हाच मेकॉले कलकत्त्याला आला आणि त्यानं भारतीय दंडविधानाचा मसुदा केला. ५११ कलमांचा तो कायदा १८६० मध्ये संमत झाला आणि ३० जून २०२४ पर्यंत आपल्यावर लागू होता. टिळकांना ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते त्याच कायद्यात नंतर घातलेलं.

विधेयकाचा १८३२ मध्ये कायदा झाला, त्याआधी मंत्रिमंडळ पडायच्या बेतात आलं, निवडणूक झाली, लॉर्ड्सनी एकदा ते फेटाळलं, ब्रिस्टल शहर दंगलीत पेटलं. इतकं करून इंग्लंड-वेल्समधले मतदार सुमारे ३ लाख ६६ हजारांवरून साडेसहा लाखांवर गेले, प्रौढ पुरुषांपैकी जेमतेम पाचातला एक. याच कायद्यानं मतदार ‘पुरुष’च असेल असं प्रथम स्पष्ट लिहिलं. १९१८ साल आलं तेव्हा मतदार ७७ लाखांवरून एका झटक्यात २ कोटी १४ लाख झाले.

आता आपल्या घरापर्यंत पोहोचलेले दोन कायदे. १९३५ चा भारत सरकार कायदा ३२१ कलमांचा आणि १० परिशिष्टांचा; ब्रिटिश पार्लमेंटनं तोवर केलेला हा सर्वांत लांबलचक कायदा, आणि हा विक्रम १९९९ पर्यंत टिकला. गोलमेज परिषदा, संयुक्त समिती, चर्चिलचा कडवा विरोध, असं वर्षानुवर्षांचं चर्वण त्यामागे होतं. प्रत्येक अधिकार मोजूनमापून दिला आणि गव्हर्नरच्या हातात परत घ्यायची सोय ठेवली. बारा वर्षांनी १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा आला. तो २० कलमांचा. ४ जुलैला मांडला, १८ जुलैला संमती. चौदा दिवस. अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेत ३९ कोटींच्या आसपास होती. म्हणजे एका कलमामागे जवळपास दोन कोटी माणसं.

इथे मात्र थोडक्या शब्दांचं कौतुक करवत नाही. ८ जुलैला सिरिल रॅडक्लिफ हा लंडनचा बॅरिस्टर आयुष्यात पहिल्यांदा हिंदुस्थानात उतरला आणि पाच आठवड्यांत त्यानं पंजाब आणि बंगाल चिरणाऱ्या रेषा आखल्या. कोट्यवधी माणसं त्या रेषांच्या अलीकडे-पलीकडे झाली. सीमेचा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. तोवर अनेक गावांना आपण कोणत्या देशात आहोत हेच ठाऊक नव्हतं. आणि संस्थानांचं काय? कायद्याच्या सातव्या कलमातल्या एका पोटकलमानं ५६० च्या वर संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपली. पुढं काय, यावर स्पष्ट शब्द नाही. कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी मार्गी लागली. हैदराबादच्या निजामानं त्याच पोटकलमाच्या आधारावर स्वतंत्र राहायचं ठरवलं, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या मराठी माणसाला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आणखी तेरा महिने, रझाकारांच्या दहशतीत काढावे लागले. लंडनमध्ये दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर ते टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्या न लिहिलेल्या ओळींची किंमत मराठवाड्यानं मोजली आहे.

घटना समितीनं मग सावकाश काम केलं. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दोन वर्षं, अकरा महिने आणि सतरा दिवस लागले. १९३५ च्या कायद्यातून बरंच उचललंय अशी टीका झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ते उघड मान्य केलं आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला नकार दिला. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला हा माणूस ते कायदे आतून-बाहेरून ओळखत होता. फरक मतदारांच्या आकड्यात पडला. १९३५ च्या कायद्यानं प्रांतांमध्ये सुमारे तीन कोटींना मत दिलं होतं, तेही मालमत्ता आणि शिक्षण पाहून. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार १७ कोटींच्या वर होते, आणि २१ वर्षांची अट पुरी करणाऱ्या बाईला १९१८ च्या इंग्लंडसारखं तिशीपर्यंत थांबायला लागलं नाही.

त्या राज्यघटनेचं शेवटचं कलम ३९५ वं. ते एका वाक्याचं आहे. १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा आणि १९३५ चा भारत सरकार कायदा, दोन्ही ते वाक्य रद्द करतं. त्यातून जपून वगळलेला कायदा एकच आहे: हिंदुस्थानातली अपिलं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे नेणं बंद करणारा, १९४९ चा.